थ्रीडी स्कॅनमध्ये मुळांवरचं हाडच दिसत नाहीये. म्हणजे ते नाहीच का?

तिरपा_सुळा | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबट आहे, सांभाळून घ्या.

चाळिशी ओलांडल्यावर दात सरळ करून घ्यायचं खूळ डोक्यात शिरलं. खालचे पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेत, ब्रश नीट पोचत नाही. ब्रेसेसवाल्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा सपाट एक्सरे, पाहिली. एका दाताची हिरडी थोडी खाली सरकलेली दिसली, म्हणून म्हणाले, दात हलवायच्या आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन, काढू. काढला.

स्क्रीनवर त्यांनी माझा जबडा गोलगोल फिरवून दाखवला आणि माझे हातपाय गार पडले. वरच्या बाजूला मुळांवर चक्क भोकं. खालच्या मधल्या दोन दातांची मुळं निम्म्यापर्यंत उघडी, जणू जमीन वाहून गेलेल्या झाडाची. रिपोर्टात लिहिलंय (आकडे म्हणजे दातांचे नंबर): १४, २३ आणि २४ वर फेनेस्ट्रेशन, ३१ आणि ४१ वर डिहिसन्स.

घाबरून हिरड्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी प्रोब, म्हणजे खुणांची बारीक मोजकाडी, घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजलं. सगळीकडे २ ते ३ मिमी. रक्त नाही, दात हलत नाहीत. "हिरड्या छान आहेत तुमच्या," म्हणाल्या. स्कॅन दाखवल्यावर नुसतं "हं" केलं आणि म्हणाल्या, "त्या फिरत्या चित्राकडे बघून झोप घालवू नका."

झोप तर गेलीच आहे. इथे कुणी दंतवैद्य किंवा स्कॅनमधलं कळणारं असेल तर सांगा. उपचार काय घेऊ हे विचारत नाहीये. एवढंच हवंय की दाताभोवतीचं हाड मोजायला हे थ्रीडी प्रकरण कितपत भरवशाचं?

---

पुचाट_दाढ | सोमवार, रात्री १०:३०

जबडा फिरवून दाखवला की भल्याभल्यांचे हातपाय गार पडतात. माझा पाहिला तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा आठवला होता. ज्ञान शून्य, पण खुर्ची ओढून बसलोय.

---

दंतकथा | सोमवार, रात्री ११:४५

मी पेरिओ, म्हणजे हिरड्या आणि हाडवाली. तिरपा_सुळा, आधी एक गाठ सोडवू. तुमच्या दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं.

प्रोब हाड मोजत नाही. हिरडीच्या कडेपासून ती दाताला जिथे चिकटलेली आहे तिथपर्यंतची खोली मोजतो. निरोगी तोंडात हाडाची कड दाताच्या मानेपासून, म्हणजे एनॅमल संपतं त्या रेषेपासून, साधारण १ ते २ मिमी खाली असते. पण ओठाच्या बाजूला हाड खूप खाली असूनही हिरडीचे तंतू थेट मुळाला घट्ट धरून राहू शकतात. अशा जागी प्रोब २ मिमीवरच थांबतो. त्यामुळे प्रोबिंग चांगलं आलं म्हणून डिहिसन्स नाहीच, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आता शब्द. फेनेस्ट्रेशन म्हणजे खिडकी: वरची कड शाबूत, मधेच मुळावर हाड नाही. डिहिसन्स म्हणजे कडेपासूनच खाली गेलेली चीर. हे दोन्ही बहुतेकदा रोग नसतातच. मूळ जबड्याच्या मानाने जाड किंवा बाहेर झुकलेलं असलं की त्याच्यावरचं हाड मुळातच पापुद्र्यासारखं असतं. वरच्या पुढच्या दातांवर ओठाकडचं हाड बहुतेकांचं १ मिमीहूनही पातळ असतं. पेरिओडॉन्टायटिसमधे जंतूंमुळे हाड झिजतं, ती गोष्टच वेगळी.

तर स्कॅनचं काय? २०१० मधे लिऊंग आणि सहकाऱ्यांनी १३ कोरड्या कवट्या सीबीसीटीत घातल्या आणि तेच दात नंतर डोळ्यांनी तपासले. व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनचं चित्र ज्या बारीक ठोकळ्यांचं बनतं तो एक ठोकळा, ०.३८ मिमी. हाडाची उंची मोजण्यात चूक साधारण ०.६ मिमी, म्हणजे बरी. पण खिडक्या? प्रत्यक्षात होत्या त्याच्या तिप्पट स्कॅनच्या थ्रीडी मॉडेलवर दिसल्या. मॉडेलने "इथे खिडकी आहे" म्हटलेल्या चार जागांपैकी साधारण एकच खरी निघाली. डिहिसन्सच्या बाबतीत दोनांतली एक.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. जिथे स्कॅनने "हाड आहे" म्हटलं, तिथे ते ९५ टक्क्यांहून जास्त वेळा खरंच होतं. म्हणजे हा साक्षीदार "आहे" म्हणाला तर ऐका. "नाही" म्हणाला तर उलटतपासणी घ्या.

---

तिरपा_सुळा | मंगळवार, सकाळी ७:०५

चारातली एक! मग माझ्या तीन खिडक्यांतली पाऊणच खरी धरायची की काय :) डॉक्टर, खूप आभार. पण हे होतं कसं? एवढं मोठं यंत्र, आणि असलेलं हाड दिसत नाही?

---

अर्धा_व्हॉक्सेल | मंगळवार, सकाळी ९:२०

हे माझ्या शेतातलं. मी वैद्यकीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधे काम करतो. दातांचा डॉक्टर नाही, त्यामुळे दातांबद्दल चुकलो तर दंतकथा कान पकडतीलच.

चौकटीची वही घ्या. तिच्यावर बारीक पेन्सिलीने एक तिरकी रेघ मारा. आता नियम असा की प्रत्येक चौकट एकाच रंगाने भरायची. रेघ गेलेल्या चौकटीत थोडा काळा, बराच पांढरा. भरणार काय? फिकट करडा. व्हॉक्सेल म्हणजे ती चौकट, फक्त घनाकार. सीबीसीटीत ती साधारण ०.०७५ पासून ०.४ मिमीपर्यंत असते. त्या ठोकळ्यात जे काही आहे त्या सगळ्याची सरासरी काढून एकच आकडा ठेवला जातो. ०.४ च्या ठोकळ्यात ०.२ मिमी हाड आणि उरलेली हिरडी असेल तर आकडा ना हाडाचा, ना हिरडीचा.

त्यात दाताची रचनाच वैरी. मूळ आणि हाड यांच्यामधली लिगामेंटची (दाताला हाडाशी बांधणाऱ्या तंतूंची) फट साधारण ०.२ मिमी. ती सुटी दिसली तर डोळा म्हणतो, हे मूळ, ही फट, हे हाड. ती बुजली की पातळ हाड मुळाला चिकटून मुळाचाच भाग वाटतं, कारण मुळाचं डेंटिन आणि हाड यांचा करडेपणा जवळपास सारखा. हाड तिथे असतं, चित्रात उमटलेलंही असतं, पण ते हाड आहे हे ओळखू येत नाही.

आणखी एक गैरसमज. व्हॉक्सेल ०.२ मिमी म्हणजे ०.२ मिमीची वस्तू दिसते, असं नाही. दोन कडा वेगळ्या दिसायला त्यांच्यात काही व्हॉक्सेलचं अंतर लागतं. वर डिटेक्टरची मर्यादा, नॉइज आणि माणसाची चुळबुळ. स्कॅन १० ते ४० सेकंद चालतो. तेवढ्यात गिळलात, हनुवटी किंचित हलली, की हाडाची कड दुहेरी उमटते किंवा पुसली जाते. तोंडात धरायची छोटी आरव्हीजी, म्हणजे दोन-चार दातांचा डिजिटल एक्सरे, बारकाव्यात सीबीसीटीच्या कितीतरी पुढे आहे. फक्त ती सपाट आहे.

आता तुमच्या फिरत्या जबड्याबद्दल. यंत्राने कुठेही गुळगुळीत पांढरा जबडा पाहिलेला नाही. त्याच्याकडे फक्त करड्या आकड्यांचे ठोकळे आहेत. सॉफ्टवेअरला एक उंबरठा सांगितला जातो: या आकड्याच्या वरचं सगळं हाड समजून रंगव, खालचं अदृश्य कर. फिकट करडं पातळ हाड उंबरठ्याच्या खाली गेलं की तिथे भोक. बहुतेक सॉफ्टवेअरमधे त्याचा स्लायडर असतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो सरकवायला सांगा. खिडक्या तुमच्या डोळ्यांदेखत उघडतील आणि मिटतील.

---

पुचाट_दाढ | मंगळवार, सकाळी ९:४१

स्लायडरने हाड वाढवायचं यंत्र! कुठे मिळेल? मला डोक्यावरच्या केसांसाठीही हवंय.

---

दंतकथा | मंगळवार, दुपारी १:१०

अर्धा_व्हॉक्सेल, कान पकडायची वेळ आली नाही. एक पुस्ती जोडते. हाडाच्या जाडीच्या मानाने व्हॉक्सेल किती मोठा आहे यावर सगळा खेळ आहे. हाडाची जाडी व्हॉक्सेलइतकी किंवा त्याहून कमी झाली की हाडाची उंचीसुद्धा कमी मोजली जाते, कारण कडेला हाड सुरीच्या धारेसारखं निमुळतं होतं आणि ती धारच आधी गायब होते.

म्हणून आम्ही निदान थ्रीडी मॉडेलवरून करत नाही. दाताच्या अक्षाला लावून घेतलेल्या आडव्या-उभ्या कापांवरून करतो. मॉडेल रुग्णाला समजावायला छान. माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्यासाठीही फारसं छान नाही, कारण तिरपा_सुळांसारखी झोप उडते.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:३०

वाचून एवढंच कळलं की महागडं यंत्र, चारातलं एक उत्तर बरोबर. मग काढायचाच कशाला हा स्कॅन? क्लिनिकमधे यंत्र आणून ठेवलंय म्हणून? माझ्या नात्यातल्या एकांना साध्या हिरड्या सुजण्यासाठी अख्ख्या डोक्याचा सीबीसीटी काढायला लावला होता. रेडिएशन फुकट का घ्यायचं?

---

घाटमाथा | मंगळवार, दुपारी ४:१५

शंकासुर, थांबा. दुसरी बाजू माझ्याकडे आहे.

वरची डावी पहिली दाढ अधूनमधून दुखायची. हिरडीतून घाण चव यायची. आरव्हीजीत काही खास नाही, प्रोबला एका ठिकाणी ६ मिमी. डॉक्टर म्हणाले, या दाढेला तीन मुळं, त्यातलं टाळूकडचं मूळ फिल्मवर बाकी दोघांच्या मागे लपतं, त्यामुळे मुळांच्या बेचक्यात काय चाललंय कळत नाही. वाकड्या प्रोबने चाचपलं, पण मागच्या बाजूला नीट पोचता येईना. त्यांनी फक्त त्या भागाचा छोटा सीबीसीटी काढायला सांगितला.

कापात स्वच्छ दिसलं की मागच्या आणि टाळूकडच्या मुळामधलं हाड आरपार गेलंय, पण गालाकडच्या दोन मुळांमधलं टिकून आहे. ऑपरेशनच्या वेळी हिरडी उघडली तेव्हा तसंच निघालं, डॉक्टरांनी आरशात दाखवलं मला. टाळूकडचं एक मूळ कापून दाढ वाचवली. पाच वर्षं झाली, त्याच दाढेने चावतोय. स्कॅन नसता तर दाढ काढायचीच गोष्ट चालली होती.

---

दंतकथा | मंगळवार, रात्री ९:००

घाटमाथांची दाढ हे सीबीसीटीचं घरचं मैदान. बेचक्याला आम्ही फर्केशन म्हणतो. स्वित्झर्लंडमधे वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी २०१० मधे वरच्या दाढांचे सीबीसीटी आणि नंतर ऑपरेशनमधे प्रत्यक्ष दिसलेलं हाड ताडून पाहिलं. ८४ टक्के जागी स्कॅन आणि प्रत्यक्ष जुळलं. जिथे चुकलं तिथे बहुतेक वेळा स्कॅनने नुकसान कमी दाखवलं होतं, जास्त नव्हे.

जरा थांबून बघा: खिडक्यांच्या बाबतीत स्कॅन नुकसान जास्त दाखवतो, फर्केशनच्या बाबतीत कमी. एकच यंत्र, दोन उलट चुका. म्हणून "सीबीसीटी किती टक्के अचूक" या प्रश्नाला एक आकडा नाही. कुठलं हाड, किती जाड, कुठल्या बाजूचं, हे आधी सांगावं लागतं.

साध्या एक्सरेची मर्यादाही सांगायला हवी. फिल्मवर हाड गेलेलं दिसायला त्या जागेचं ३० ते ५० टक्के खनिज आधी जावं लागतं. आणि दातांच्या मधलं हाड दिसतं, पण ओठाकडचं, जिभेकडचं हाड दाताच्या सावलीत जातं. मिश आणि सहकाऱ्यांनी २००६ मधे जबड्यांवर मुद्दाम खड्डे करून प्रोब, साधी फिल्म आणि सीबीसीटी तिन्हींनी मोजलं. दोन दातांमधल्या खड्ड्यांना तिघेही सारखेच. ओठाकडचे आणि जिभेकडचे खड्डे मात्र फिल्मवर मोजताच आले नाहीत. सीबीसीटीने ते मोजले.

शंकासुर, तुमच्या नातेवाइकांबाबत तुमचं बरोबर वाटतं. युरोपियन कमिशनच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत साफ लिहिलंय की दाताभोवतीचं हाड तपासायची रोजची पद्धत म्हणून सीबीसीटी वापरू नये. तपासणी आणि साध्या फिल्मनंतरही उपचार ठरवता येत नसतील अशा निवडक खोल खड्ड्यांसाठी आणि फर्केशनसाठी छोट्या भागाचा, उच्च रिझोल्यूशनचा स्कॅन चालेल. पेरिओडॉन्टायटिसच्या स्टेज ठरवायलाही, हाड १५ टक्क्यांपेक्षा कमी गेलं, १५ ते ३३ टक्के गेलं, की मुळाच्या मधल्या भागापर्यंत गेलं, हे बघायला प्रोब आणि साधी फिल्म पुरते.

---

शंकासुर | मंगळवार, रात्री ९:२५

घाटमाथा, दाढेबद्दल अभिनंदन. डॉक्टर, मान्य. पण रेडिएशनचं उत्तर राहिलं.

---

अर्धा_व्हॉक्सेल | मंगळवार, रात्री १०:५०

ते मी देतो. त्याच युरोपियन सूचनांतले आकडे, मायक्रोसिव्हर्टमधे. तोंडात धरायची एक फिल्म: १.५ पेक्षा कमी. ओपीजी: साधारण ३ ते २४. दात आणि जबड्याचा सीबीसीटी: ११ पासून ६७४ पर्यंत. हा शेवटचा पल्ला बघा. साठपट फरक! "सीबीसीटीचं रेडिएशन" असा एक आकडा सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. यंत्र कुठलं, किती भागाचा, कुठल्या सेटिंगवर, यावर सगळं. तुलनेला: निसर्गातूनच माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला २४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतं.

म्हणजे घाबरण्याजोगं नाही, पण उगाच घेण्याजोगंही नाही. गंमत अशी की हाडाच्या बारकाव्यासाठी लागतो तो छोट्या भागाचा स्कॅन. भाग छोटा, तर व्हॉक्सेल बारीक ठेवता येतो आणि किरणंही कमी भागावर पडतात. अख्ख्या डोक्याच्या स्कॅनमधे बहुतेकदा व्हॉक्सेल मोठा असतो, आणि तोच नंतर एका दाताच्या खिडकीसाठी वाचला जातो. तिरपा_सुळा, तुमच्या रिपोर्टात व्हॉक्सेल किती लिहिलाय?

---

सरासरीचा_शत्रू | बुधवार, सकाळी ८:३५

संख्याशास्त्र शिकवतो, दातांतलं कळत नाही. पण "चूक साधारण ०.६ मिमी" हे वाचून राहवलं नाही.

समजा दोन दात. एकाचं हाड स्कॅनने १.५ मिमी उंच दाखवलं, दुसऱ्याचं १.५ मिमी खाली. चुकांची चिन्हं धरून सरासरी काढली तर चूक शून्य! चिन्हं सोडून काढली तर १.५. कुठली सरासरी ते आधी बघा. आणि दोन्हींपेक्षा महत्त्वाचा तो पसारा. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मधे दोन मापनपद्धतींची तुलना कशी करावी यावर लिहिलं, त्याचा गाभा हाच: नुसता सहसंबंध किंवा सरासरी देऊ नका, बहुतेक फरक कुठून कुठपर्यंत पसरलेत ते सांगा. ज्याच्या तोंडात उपचार होणार त्याला सरासरी दात नसतो, त्याला त्याचा दात असतो.

दुसरं. अभ्यास कोरड्या कवट्यांवर. कवटी श्वास घेत नाही, गिळत नाही, तिला गाल नाहीत, आणि बहुधा तोंडात चांदी भरलेली नाही. जिवंत माणसात आकडे आणखी वाईट येतील ना?

---

दंतकथा | बुधवार, दुपारी १२:४०

सर, अगदी बरोबर नस पकडलीत. म्हणूनच कवट्यांवर मेण लावून किंवा पाण्यात ठेवून हिरडीची नक्कल करतात. तरी खरी कसोटी हिरडी उघडून बघण्याचीच, आणि ती फक्त ज्यांना ऑपरेशन लागणारच आहे अशांवर करता येते. निरोगी माणसाची हिरडी अभ्यासासाठी कोण उघडणार? त्यामुळे पातळ पण निरोगी हाडाबद्दलचा बराचसा पुरावा कवट्यांवरचाच राहतो. प्रोबही काही देव नाही. तोच हात, तीच जागा, दुसऱ्यांदा मोजलं तर १ मिमी इकडेतिकडे होतं.

धातूचं म्हणाल तर चांदी, कॅप, इम्प्लांट यांच्या शेजारी काळे पट्टे आणि पांढऱ्या रेघा उठतात. दोन इम्प्लांटच्या मधे हाड गेल्यासारखा काळा पट्टा दिसला की मी आधी धातूवर संशय घेते, मग हाडावर. टायटॅनियमला लागून असलेलं पातळ हाड तर त्या झगमगाटात सापडणं कठीण.

आणि रिपोर्टात कुणी हाडाची घनता हाउन्सफील्ड एककात लिहिली असेल तर ती ओळ सोडून द्या. ते एकक मोठ्या मेडिकल सीटीचं. सीबीसीटीतला करडेपणा यंत्रागणिक, अगदी त्याच तोंडात जागेगणिक बदलतो.

---

तिरपा_सुळा | शुक्रवार, रात्री ८:२०

मंडळी, परत आले. तुमच्या शिदोरीवर आज दोन्ही डॉक्टरांकडे जाऊन आले.

व्हॉक्सेल ०.४! अख्ख्या जबड्यांचा स्कॅन. स्लायडरचं विचारल्यावर ब्रेसेसवाले डॉक्टर आधी चमकले, मग हसले आणि स्वतःच सरकवून दाखवला. २३ ची खिडकी पूर्ण मिटली. १४ ची एवढीशी राहिली. खालच्या दोन दातांच्या चिरा कमी झाल्या पण गेल्या नाहीत. मग कापांमधे बघितलं. खालच्या दातांवर ओठाकडे खरंच काही दिसत नाही, जिभेकडे मात्र पांढरी रेघ छान आहे. स्कॅन काढताना मी गिळलं होतं हेही कबूल करून टाकलं.

मी विचारलं, मग बारीक व्हॉक्सेलचा दुसरा स्कॅन काढू का? दोघांनीही वेगवेगळं नको म्हटलं.

---

अर्धा_व्हॉक्सेल | शुक्रवार, रात्री ८:४४

का नको म्हणाले? मी तर काढायला सांगितला असता.

---

दंतकथा | शुक्रवार, रात्री १०:०५

मीही नकोच म्हटलं असतं. दुसऱ्या स्कॅनने काय बदलेल बघा. समजा ०.१५ च्या स्कॅनमधे ३१ वर ०.३ मिमीचा पापुद्रा दिसला. डॉक्टर तो दात बिनधास्त पुढे ढकलतील? नाही. ०.३ मिमीच्या हाडावर विसंबून कुणी दात ओठाकडे झुकवत नाही. आणि समजा काहीच दिसलं नाही. तरीही तेच: दात बाहेर झुकवू नका, जागा दुसरीकडून करा, बळ हलकं ठेवा, हिरडीवर लक्ष ठेवा. "नाही" आणि "पापुद्रा आहे" यातला फरक स्कॅनला ओळखता येत नाही, पण या निर्णयापुरता त्या फरकाला फारशी किंमतही नाही. पहिल्या स्कॅनने "इथे हाड जाड नाही" हे सांगितलं, तेवढं काम त्याने चोख केलं.

घाटमाथांच्या दाढेत उलट होतं. तिथे आरपार आहे की नाही यावर मूळ कापायचं की दाढ काढायची हे ठरणार होतं.

---

सरासरीचा_शत्रू | शनिवार, सकाळी ७:५०

हे वर्गात सांगायला घेतोय. उत्तराने निर्णय बदलणार नसेल तर चाचणीची अचूकता हा प्रश्न दुय्यम.

---

घाटमाथा | शनिवार, सकाळी ९:१५

तिरपा_सुळा, एक ऐकीव गोष्ट, डॉक्टर खरी-खोटी करतील. दात हलवत असताना किंवा ब्रेसेस काढल्याकाढल्या स्कॅन काढला तर हाड आणखीच कमी दिसतं म्हणे?

---

दंतकथा | शनिवार, दुपारी २:३०

खरी आहे. दात सरकतो तिथे नवं हाड आधी कोवळं तयार होतं, त्यात खनिज नंतर भरतं. कोवळं हाड एक्सरेला जवळपास पारदर्शक. त्यामुळे काम संपल्या संपल्या काढलेल्या स्कॅनवरून "ब्रेसेसमुळे हाड गेलं" असा निवाडा घाईचा ठरतो.

---

तिरपा_सुळा | शनिवार, रात्री ९:५५

ठरलं. खालचे दात पुढे ढकलायचे नाहीत. दातांच्या बाजू किंचित घासून जागा करायची आणि दर तीन महिन्यांनी हिरडीच्या बाईंकडे हजेरी. त्यांनी ३१ चा आजच फोटो काढून ठेवलाय, हिरडीची कड कुठे आहे ते मोजून. पुढे खाली सरकली तर तो फोटो बोलेल.

निघताना त्यांनी परत एकदा "झोप लागते का आता?" विचारलं. लागते म्हटलं. आता फक्त ब्रेसेस लागल्यावर पहिल्या आठवड्यात जेवायचं कसं, त्याचा वेगळा धागा काढते.

---

पुचाट_दाढ | शनिवार, रात्री १०:०१

त्या धाग्यावर मी तज्ज्ञ आहे. दोन वर्षं घातल्यात. लिंक टाका.